घंटेचं सोडून सगळी बटणं

मी अनुवाद करून पोट भरते. परवा लिफ्टमध्ये लावायच्या सूचना आल्या. पहिलीच ओळ, 'डोन्ट पॅनिक'. 'घाबरू नका' असं लिहून मी पुढे सरकले आणि मग ते दोन शब्द दिवसभर टोचत राहिले.

मी स्वतः एकदा लिफ्टमध्ये अडकले आहे. भीती तर वाटलीच, पण खरी गंमत पुढची. मी होती नव्हती ती सगळी बटणं दाबत सुटले, फक्त घंटेचं सोडून. ते डोळ्यांसमोर होतं, पिवळंधमक. भीती वाटणं म्हणजे 'फिअर'. डोकं बंद पडून हात भलतीकडे चालायला लागणं म्हणजे पॅनिक. पाठीमागून कुणी 'भॉ' केलं की दचकतो, तो 'फ्राइट'. तो क्षणात ओसरतो.

'पॅनिक' शब्दाचं मूळ ग्रीक रानदेव पॅन. डोक्यावर शिंगं, पाय बकऱ्याचे. काही कारण नसताना कळप उधळला की ती त्याची करणी मानत. म्हणून या शब्दात घोळक्याची पळापळही आहे. 1907 साली न्यूयॉर्कमध्ये ठेवीदार पैसे काढायला धावले, त्या आर्थिक संकटाला इंग्रजीत पॅनिकच म्हणतात.

आपण सर्रास 'मी पॅनिक झाले' म्हणतो. मराठीत चालतं, पण त्याच चालीवर इंग्रजीत 'आय वॉज पॅनिक' म्हटलं की फसलो. तिथे 'आय पॅनिक्ड'. लिहिताना 'सी'नंतर 'के' घालायचा, नाहीतर 'ई'च्या आधीचा 'सी' वाचताना 'स' होतो. 'पिकनिक'चंही तेच.

'पॅनिक अटॅक' मात्र जपून वापरावा. छातीत जोरात धडधड, श्वास कोंडणं, आता मरतोच अशी खात्री, हे सगळं काही मिनिटांत शिगेला पोचतं. मुलाखतीआधी पोटात गोळा आला, तर तो पोटात गोळाच.

मराठीत काय लिहावं? 'तारांबळ', 'घाबरगुंडी' यांना हसू चिकटलेलं. 'पाचावर धारण बसणे' लिफ्टमध्ये कोण वाचणार? शेवटी 'गडबडून जाऊ नका, घंटेचं बटण दाबा' असं पाठवलं.

संध्याकाळी उत्तर आलं : पाटीवर मावत नाही, 'घाबरू नका' करा.