काकूंचा मोतीबिंदू

डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरी मी जाते ती खरं तर घरच्या माणसासाठी. त्याला चार तास बाहेर पडता यावं म्हणून. नवीन घरी आधी झारिट स्केलचे २२ प्रश्न विचारते. सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे, याचा त्यातून अंदाज येतो.

पुण्यातल्या या काकू प्रत्येक प्रश्नाला "छे, कधीच नाही" म्हणत होत्या. राग येतो? नाही. स्वतःला वेळ मिळत नाही असं वाटतं? नाही हो. काका शेजारीच बसलेले, दुसरं काय म्हणणार! मग त्यांना गॅलरीत नेलं आणि तब्येतीचा प्रश्न पुन्हा विचारला.

"मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर कधीचे मागे लागलेत. पण यांना कोण बघणार?"

ऑपरेशन होऊन माणूस त्याच दिवशी घरी येतो. अडतं ते पुढे. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही. आणि काकूंचं दिवसभराचं काम काय, तर काकांना पलंगावरून उठवायचं, वाकून पायजमा चढवायचा, अंघोळीला नेताना त्यांनी उगारलेला हात चुकवायचा. मुलगा बंगळुरूहून पैसे पाठवतो. पैशानं ब्युरोची बाई मिळते, पण काका अनोळखी माणसाला दारातूनच परत पाठवतात. म्हणून आधी काही आठवडे मी नुसती चहाला जात राहिले. सुरुवातीला काकू खालच्या बाकापर्यंतच जायच्या आणि तिथून गॅलरीकडे बघत बसायच्या.

ऑपरेशनच्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन गेला. काकूंनी फ्रिजवर कागद लावला होता: 'चहा बशीत ओतून द्या. आरशावरचा टॉवेल काढू नका, त्यांना आत कुणीतरी दिसतं. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवा.' एवढं बिनचूक हस्तांतरण मी हॉस्पिटलातही पाहिलेलं नाही.

दुपार बरी गेली. सांजावलं तशी काकांची घालमेल सुरू झाली. अशा वेळी बऱ्याच रुग्णांची होते. काका एसटीचे निवृत्त कंडक्टर. "डेपोत हिशोब द्यायचाय," म्हणत कडी चाचपायला लागले. 'तुम्ही कधीच रिटायर झालात' असं सांगून उपयोग नसतो. वाद तेवढा वाढतो. मी चिल्लरचा डबा पुढे ठेवला. "आधी कॅश मोजू." त्यांनी रुपये, दोन रुपये, पाच रुपये अशा चळती लावल्या. बोटं अजून सराईत होती. एक चळत मोडून पुन्हा मोजली आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

काकू काळा चष्मा लावून आल्या. काकांनी त्यांना ओळखलं नाही, पण डबाही सोडला नाही.

पुढचा आठवडा आम्ही दिवस-रात्र वाटून घेतली: दिवसा मी, रात्री मुलगा. वडील रात्री किती वेळा उठतात, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फोनवर तो इतकी वर्षं "बाबा कसे आहेत?" एवढंच विचारायचा. शेजारीही तेच विचारतात. आता दर गुरुवारी त्याला काकूंनाही वेगळा फोन करायला सांगितलंय.

दुसऱ्या डोळ्याची तारीख काकू स्वतःच घेऊन आल्या.