बडोद्याहून डिस्ने वर्ल्ड: आजीचे गुडघे आणि धाकट्याची उंची धरून केलेली ट्रिप

दिवाळीत जाऊन आलो तेव्हापासून आठवड्याला एक तरी फोन येतो, अगं तुम्ही ऑर्लँडोला गेला होतात ना, आम्ही पण जातोय, सांग ना काय काय करायचं. प्रत्येकीला तेच तेच सांगताना काहीतरी राहून जातं म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला गेलो होतो. मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा साडेपाचचा आणि सासूबाई (आमच्या आई), वय ६८, दोन्ही गुडघ्यांचा त्रास. न्यू जर्सीतल्या एडिसनहून माझा भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली. एकूण नऊ जण.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाही. आपल्याला बडोद्याजवळच्या आजव्याच्या आतापी पार्कची सवय, सकाळी जायचं, संध्याकाळी सेव उसळ खाऊन घरी. इथे मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम असे चार वेगळे पार्क, वर दोन वॉटर पार्क आणि पंचवीसच्या वर हॉटेलं, सगळी जागा मिळून साधारण १०० चौरस किलोमीटर. एका पार्कातून दुसऱ्यात चालत जाऊ म्हणाल तर विसरा, बस नाहीतर मोनोरेल नाहीतर केबल कार. त्यामुळे "तीन दिवसांत सगळं बघून घेऊ" हे ज्या घरात ठरतं तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी रडारड ठरलेली. आमच्याबरोबर म्हातारं माणूस आणि लहान मूल दोन्ही होतं म्हणून आम्ही उलटं केलं, त्या दोघांना काय झेपेल ते आधी लिहिलं आणि मग उरलेल्या वेळात बाकीच्यांचं बसवलं. तीन पार्क, तीन दिवस, मध्ये एक पूर्ण दिवस आराम. हॉलिवूड स्टुडिओज सोडून दिलं.

बुकिंगचं सांगते कारण तिथेच सगळे अडकतात. आमच्या इथल्या एका एजंटने आधी सांगितलं होतं की बाहेरचं हॉटेल घ्या, पार्कापासून पाच मिनिटं, बाकी तिकीट वगैरे तिथे गेल्यावर बघता येईल. दादाने मॅपवर बघितलं तर ते पाच मिनिटं कसलं, चांगला अर्धा तास होता. कॅन्सल करायला पैसे गेले आणि मला दोन रात्री झोप नाही. मग आम्ही डिस्नेच्या आतलंच आर्ट ऑफ ॲनिमेशन हे हॉटेल घेतलं, त्यात फॅमिली सूट मिळतो, सहा जण मावतात, दोन बाथरूम, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. आजी असतील तर दोन बाथरूमसाठीच घ्या, सकाळी सगळ्यांना एकदम तयार व्हायचं असतं. स्वस्त नाही, पण आत राहिलं की रोज पार्क अर्धा तास आधी उघडतो तुमच्यासाठी आणि तो अर्धा तास सोन्यासारखा आहे, खाली सांगते.

आतल्या हॉटेलात राहणाऱ्यांना रेस्टॉरंटचं टेबल चेक-इनच्या ६० दिवस आधी, पूर्ण मुक्कामाचं एकदम बुक करता येतं. आमचं चेक-इन ५ नोव्हेंबर, म्हणजे बुकिंग उघडणार ६ सप्टेंबरला. तिथले सकाळचे ६ म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. आणि ६ सप्टेंबर म्हणजे हरतालिका! दुसऱ्या दिवशी गणपती बसणार, हॉलमध्ये मखराचा थर्माकोल पसरलेला, आई आत मोदकाच्या सारणाचा नारळ खवतायत, माझा उपास, आणि मी मोबाईल हातात धरून तीन अठ्ठावीसपासून स्क्रीन रिफ्रेश करतेय. मला एकच टेबल हवं होतं, सनाचं. ते मिळालं. आईंनी आतून विचारलं, "झालं का गं तुझं? मग ये, सारण बघ."

सना म्हणजे ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्याच हॉटेलातलं रेस्टॉरंट, आफ्रिकन जेवण पण भारतीय चवीचं, नान आणि वेगवेगळ्या ब्रेडबरोबर चटण्या, लोणचं, रायता अशा नऊ वाट्या येतात आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. उजेड असतानाचं टेबल घ्या. नोव्हेंबरात तिथे साडेपाचलाच अंधार पडतो, मग जिराफ दिसत नाहीत. आठवडाभर चीज आणि बटाट्यावर काढलेल्या आमच्या आईंना तिथे लोणच्याची वाटी दिसली तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही.

लायटनिंग लेन म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेतून जायचं. ती आतल्या हॉटेलवाल्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी सकाळी ७ ला उघडते, बाहेर राहणाऱ्यांना ३ दिवस आधी. आमची धनत्रयोदशीच्या दिवशी उघडली, तोपर्यंत आम्ही दादाकडे पोचलो होतो. भारतातून करत असाल तर घड्याळ सांभाळा, उन्हाळी वेळ असते तेव्हा तिथले ७ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेचार आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, मग साडेपाच. २०२४ ला तो रविवार नेमका भाऊबीजेचा होता, बारा वर्षांनी दादाला समोर बसवून ओवाळलं, ते वेगळंच. तीन राइड आधी निवडता येतात, एक वापरून झाली की ॲपवर पुढची घ्यायची. आम्ही फक्त मॅजिक किंगडमच्या दिवशी घेतली, रोज घ्यायची गरज नाही, तीन वर्षांवरच्या प्रत्येकाचे पैसे लागतात त्यामुळे नऊ जणांचा आकडा बघूनच ठरवा. तिकिटाचंही तसंच, ३ ते ९ वर्षं लहान मुलाचं आणि १० पूर्ण झालं की मोठ्याचं, तीनच्या खाली फुकट. भाव तारखेप्रमाणे बदलतो आणि जितके जास्त दिवस घ्याल तितका दिवसाचा दर कमी.

तारखांबद्दल एक गोष्ट आम्हाला वहिनीकडून कळली. नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या शिक्षकांचं अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद, आणि अर्धं जर्सी त्या आठवड्यात डिस्नेला जातं. भाचरांना तेव्हाच सुट्टी म्हणून आम्हाला इलाज नव्हता, पण ज्यांना हे बंधन नाही त्यांनी तो आठवडा टाळा. दुसरं म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात काही रात्री मॅजिक किंगडममध्ये ख्रिसमसची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना ६ वाजता बाहेर काढतात, रात्रीची आतषबाजी मिळत नाही. आमच्या वेळी ती ८ नोव्हेंबरपासून होती म्हणून आम्ही ६ ला गेलो. तुमच्या तारखा बघून मगच पार्कांचा क्रम लावा.

मॅजिक किंगडम हे सगळ्यात जुनं, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, ज्यांचं हे स्वप्न ते वॉल्ट डिस्ने १९६६ मध्येच गेले होते. दादाने भाड्याची मोठी गाडी घेतली होती, पण या पार्कला आतल्या हॉटेलवाल्यांनी गाडीने जाऊ नये. गाडी लांब लावून पुढे मोनोरेल किंवा बोटीने जावं लागतं, हॉटेलची बस मात्र थेट गेटपाशी सोडते. तो अर्ध्या तासाचा फायदा इथे घ्या. आम्ही गेट उघडल्या उघडल्या सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन या राइडला गेलो, वीस मिनिटांत बसून बाहेर, दहा वाजता त्याच रांगेला दीड तासाचा बोर्ड लागला होता. आईंना इट्स अ स्मॉल वर्ल्ड फार आवडलं. शांत बोट, धक्के नाहीत, देशोदेशीच्या बाहुल्या, गार हवा. त्या दोनदा बसल्या.

पण त्या दिवशी माझी एक मोठी चूक झाली. व्हीलचेअर गेटच्या आत भाड्याने मिळते हे माहीत होतं, आई म्हणाल्या "मी काय आजारी आहे का, रोज कमाटीबागेत चार फेऱ्या मारते", आणि मी ऐकलं. कमाटीबागेत चार फेऱ्या मारून माणूस बाकावर बसतं हो. इथे दिवसाला दहा-बारा किलोमीटर होतात आणि रांगेत उभं राहणं वेगळं. रात्री आतषबाजी संपल्यावर बसच्या रांगेत त्या माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. रूमवर येऊन बघितलं तर उजवा गुडघा नारळाएवढा. मी बर्फ लावत बसले आणि मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी मी काही न विचारता सरळ व्हीलचेअर घेतली, त्याही काही न बोलता बसल्या. तुम्ही हे बडोद्यातच बोलून ठरवून घ्या, गेटवर नको. तिथे कोणी वळून बघत नाही, बऱ्याचशा रांगांमधून खुर्ची आत जाते. साडेपाच वर्षांचा धाकटाही वहिनीच्या जुन्या स्ट्रोलरमध्ये बसला, घरी तो तीन वर्षांचा असल्यापासून बसत नव्हता. स्ट्रोलर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब एवढाच चालतो, मुलांना ओढायच्या वॅगन आत घेत नाहीत.

आता उंची. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. प्रत्येक मोठ्या राइडला उंचीची अट आहे, माइन ट्रेनला ३८ इंच, स्पेस माउंटन आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्टला ४४. आम्ही निघायच्या आधी घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर ३८ आणि ४४ अशा दोन रेघा मारल्या आणि धाकट्याला उभं केलं. ४३ भरला. त्याला तिथेच सांगितलं की बघ, या रेघेच्या वरच्या राइड या वेळी नाहीत. तेव्हा घरी रडला, रुसला, जेवला नाही. पण ॲनिमल किंगडमला एव्हरेस्टच्या दाराशी मापाची काठी होती तिथे तो स्वतःच जाऊन उभा राहिला, डोक्यावर हात ठेवून बघितलं आणि मला म्हणाला, "मम्मा, एकच इंच." बस्स. आमच्या शेजारी एक मोठा मुलगा जमिनीवर आडवा पडून ओरडत होता, तासभर रांगेत उभं राहून आत गेल्यावर त्याला परत पाठवलं होतं.

अशा वेळी रायडर स्विच मागा. दारावरच्या माणसाला सांगायचं, एक मोठं माणूस मुलापाशी थांबतं, बाकीचे जाऊन येतात आणि मग थांबलेल्याला लांब रांगेशिवाय सोडतात, पैसे लागत नाहीत. माझ्या वेळी मुलगी परत माझ्याबरोबर आली, तिला दोनदा मिळालं.

ते लोक वर होते तोपर्यंत मी, आई आणि धाकटा शेजारच्या महाराजा जंगल ट्रेकला गेलो. या भागाला त्यांनी आनंदपूर नाव दिलंय, पताका, रंग उडालेल्या भिंती, आणि पुढे एका महाराजाचा पडका महाल बांधलाय ज्यात वाघ फिरतात. भिंतीच्या कमानीतून एक वाघ अगदी समोर येऊन बसला. आई खुर्चीतून पुढे वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग भिंतीवरून हात फिरवला, पोपडे मुद्दाम केलेले आहेत हे त्यांना पटेना. "आपल्या मांडवीत अशाच भिंती आहेत," म्हणाल्या, "यांनी किती मन लावून केलंय." मला त्या दिवसातलं हेच सगळ्यात जास्त आठवतं. सफारी मात्र सकाळी पहिल्यांदा करा, ऊन चढलं की प्राणी सावलीत जातात.

खाण्याचं थोडक्यात. बाहेरचं खाणं पार्कात नेऊ देतात, काचेची बरणी आणि सुटा बर्फ नको. आम्ही इथून भाकरवडी, लीलो चिवडा आणि थेपली नेली, दादाकडे एडिसनला ओक ट्री रोडवरून खिचडीची पाकिटं घेतली, रात्री मायक्रोवेव्हमध्ये. गार पाण्याचा ग्लास कुठल्याही काउंटरवर फुकट मिळतो, बाटल्या विकत घेऊ नका. "व्हेज" एवढंच सांगून भागत नाही, भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, तेव्हा चिकन नको, मासे नको, त्यांचं पाणी पण नको असं स्पष्ट सांगा, विचारलं की आत जाऊन खात्री करून येतात. मॅजिक किंगडमच्या ॲडव्हेंचरलँड भागातलं डोल व्हिप, म्हणजे अननसाचं मऊ आइस्क्रीमसारखं, सगळ्यांनी खावं.

आरामाच्या दिवशी मुलं पूलमध्ये आणि आम्ही स्कायलायनर म्हणजे केबल कारमध्ये, ती फुकट आहे, पार्कचं तिकीट लागत नाही. पार्काच्या दिवशीही दुपारी १ ते ४ रूमवर या, झोपा, मग परत जा. एपकॉटला आम्ही तर दुपारनंतरच गेलो, केबल कार मध्ये एकदा बदलली की तिथेच उतरता येतं.

ॲप सतत लागतं म्हणून माणशी एक पॉवर बँक. नवे बूट अजिबात नको. विमानतळावरून हॉटेलची जी फुकट बस होती ती जानेवारी २०२२ पासून बंद आहे, जुन्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका, गाडी आधी ठरवा. आईंची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. आणि विमानाचं तिकीट काढतानाच आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर लिहायला सांगा, जातानाची आणि येतानाची दोन्ही, आम्ही परतीची लिहायला विसरलो आणि मुंबईला मध्यरात्री खुर्ची मिळेपर्यंत पाऊण तास आईंना सामानाच्या ट्रॉलीवर टेकून थांबावं लागलं.