संपाचे सात दिवस आणि उत्पन्नाचा दाखला

मार्च २०२३ ची गोष्ट. मुलाचं नाव आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर, इंग्रजी शाळेत घालायचं होतं. अर्ज १ मार्चला सुरू झाले, शेवटची तारीख १७. आमचा अर्ज दुर्बल घटकातून, म्हणजे एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा. आणि दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतला पाहिजे, नंतरचा चालत नाही. ज्यांनी आरटीईचा फॉर्म भरलाय त्यांना हे माहीत असेल.

आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत राहतो. सासूबाई विड्या वळतात, माझे मालक यंत्रमागावर टॉवेल काढतात, मी गणवेशाच्या कारखान्यात काजं-बटणं करते. कागदपत्रांची धावपळ माझ्याकडेच असते, कारण मागावरचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. माझाही खाडा पडतो, पण माझा कमी पैशांचा.

कारखान्यातून पगाराचं पत्र मिळायलाच आठवडा गेला. शेठला तीनदा आठवण करावी लागली. मग रेशन कार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र, तिकीट लावलेला अर्ज असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून १३ तारखेला तलाठ्यांकडे गेले. भाऊसाहेब फिरतीवर होते. कोतवाल म्हणाले, "उद्या या, पण उद्यापासून सरकारी कर्मचाऱ्यांचा संप आहे बघा." मला वाटलं एखाद्या दिवसाचा असेल.

१४ तारखेला कुलूप. १५ ला कुलूप. सेतूतल्या मुलानं संगणक फिरवून दाखवला: तलाठ्यांचा अहवाल जोडल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, आणि पुढे गेला तरी कारकून नाही, मग साहेबांच्या सहीपर्यंत पोचणार कसा? तो मुलगा संपावर नव्हता, त्याला पगार नाही, कमिशन मिळतं. त्याचंही दुकान बसलं होतं.

१६ तारखेला मी सरळ पूनम गेटला गेले. सोलापुरात आंदोलन म्हटलं की जिल्हा परिषदेचं पूनम गेट. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, त्यांवर 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. नर्सबाई, शिक्षक, कारकून, शिपाई सगळे उन्हात बसलेले. मी भाऊसाहेबांना शोधत होते. ते सापडायच्या आधी एका नर्सबाईंनी मला शेजारी बसवलं आणि पाणी दिलं. माझ्या हातातली पिशवी बघून त्यांना सगळं कळलं असावं.

त्या २००८ ला लागलेल्या. म्हणाल्या, "ताई, १ नोव्हेंबर २००५ च्या आधी जो लागला त्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, मरेपर्यंत. आमच्या पगारातून दहा टक्के कापतात, सरकार चौदा टक्के घालतं, आणि तो पैसा बाजारात. म्हातारपणी हातात किती येणार ते आज कुणी सांगू शकत नाही. एकाच वॉर्डात, एकच काम करणाऱ्या दोघींना दोन न्याय." सासूबाईंचं आयुष्य हजार विड्यांच्या हिशेबात गेलं, छाट, म्हणजे नापास केलेल्या, विड्या बाजूला काढून उरेल तेवढी मजुरी. त्यांच्या वाट्याला पेन्शन आली ती एवढीशी. त्यामुळे नर्सबाईंचं बोलणं मला परकं वाटलं नाही.

भाऊसाहेब भेटले. मी पिशवी पुढे केली. त्यांनी पिशवीला हात लावला नाही. म्हणाले, "ताई, तुमचं काम अडलंय हे मला दिसतंय. पण आज मी इथं सही केली तर उद्या ह्या लोकांत तोंड दाखवता येणार नाही." त्यांचे डोळे खाली होते. मला राग आला, आणि हा माणूस खोटं बोलत नाही हेही कळत होतं.

घरी आल्यावर मी चिडून म्हणाले की सरकारी लोकांना संपाची परवानगीच नको. सासूबाई सुपातली पानं कातरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आम्ही रस्त्यावर बसलो म्हणून ही भिंत उभी आहे. त्यांना नावं ठेवू नको." खरंच आहे. ही दहा हजार घरं अर्ज करून मिळालेली नाहीत. कित्येक वर्षं मोर्चे निघाले तेव्हा २००६ ला किल्ल्या हातात आल्या. आणि हे शहर तर संपावरच वाढलेलं. १९३० ला गांधीजींना अटक झाली तेव्हा इथल्या गिरण्या बंद पडल्या, मार्शल लॉ लागला, १९३१ ला चार हुतात्मे फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यावरून आपण रोज जातो.

नंतर मी ह्या विषयावर बरंच वाचलं. २००३ ला तामिळनाडू सरकारनं संपावरच्या लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांना एका झटक्यात काढलं होतं. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा ना मूलभूत हक्क आहे, ना कायदेशीर, ना नैतिक. संघटना काढायचा हक्क मात्र घटनेतच आहे. मागावरच्या कामगाराला कायद्यात संपाची वाट आहे, कारकुनाला नाही. हे मला पटत नाही. संघटना करा, पण शेवटचं हत्यार उचलू नका, मग सरकार ऐकणार कशाला? १९७७ ला महाराष्ट्रातले कर्मचारी चोपन्न दिवस संपावर होते. मनाई असतानाही ती वेळ आली, म्हणजे मनाईनं संप थांबत नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. संप करा, पण माझ्या तारखेचं काय? लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, त्यात उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. ते पंधरा दिवस संपात थांबले, आरटीईची तारीख मात्र थांबली नाही. भांडण सरकार आणि कर्मचाऱ्यांचं, दिवस माझ्या मुलाचे गेले. ज्या दिवशी संपाची नोटीस लागते त्याच दिवशी सरकारनं आदेश काढावा की संपाचे दिवस कुठल्याही नागरिकाच्या मुदतीत मोजले जाणार नाहीत: प्रवेश असो, शिष्यवृत्ती असो, अपील असो. आणि दवाखान्यातलं आणि मयतीचं काम चालू राहावं, ते संघटनांनी स्वतः ठरवावं. पेन्शन मागणाऱ्याला ह्यात हरकत असायचं कारण नाही. उलट पूनम गेटसमोरून माझ्यासारखी बाई शिव्या देत जाणार नाही.

आमचं नशीब की १७ ची तारीख वाढून २५ झाली. २० तारखेला संप मागे घेतला. २१ ला कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. २२ ला पाडवा, सुट्टी. २३ ला भाऊसाहेबांनी सकाळी आठला बसून अहवाल लिहिला, मला रांगेतून नाव घेऊन बोलावलं. शुक्रवारी, २४ ला, संध्याकाळी सव्वासहाला सेतूतल्या मुलाचा फोन आला: "ताई, सही पडली." त्या चार दिवसांत माझे तीन खाडे. शनिवारी रात्री दहाच्या पुढं साइट चालली तेव्हा फॉर्म गेला.

मागच्या गल्लीतली माझी मैत्रीणही त्याच रांगेत होती, माझ्या मागं तीस-चाळीस माणसं सोडून. तिच्या दाखल्यावर २७ तारीख आहे.