जुन्या नकाशातली बार्शी लाईट

अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे टोपो (डोंगर, नद्या, उंची दाखवणारे) नकाशे, यू-५०२ सिरीज, टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने स्कॅन करून फुकट ठेवलेत, स्केल १:२,५०,००० म्हणजे १ सेंमीला अडीच किमी. त्यातलं कुर्डुवाडीचं शीट सध्या माझ्या स्क्रीनवर कायम उघडं असतं, इतकं आवडलंय.

मुंबई-सोलापूर मेन लाईन बार्शीला बाजूला ठेवूनच गेली, म्हणून बार्शीसाठी उतरायचं ते 'बार्शी रोड'ला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. तिथून कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शीपर्यंत अडीच फुटी नॅरोगेज (अरुंद रुळांची लाईन) नेली, तीच बार्शी लाईट रेल्वे, मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एवढी जोडणी झाली आणि कुर्डुवाडी रेल्वेचंच गाव झालं, जंक्शन, वर्कशॉप, क्वार्टर्स, सगळं रेल्वेचं.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो येडशीचा भाग. आज गाडी पांगरीवरून आधी धाराशिवला जाते आणि मग येडशीला येते, नकाशात मात्र नॅरोगेज पांगरीहून रामलिंगच्या घाटातून सरळ येडशीला चढते आणि उस्मानाबाद दक्षिणेला तसंच राहतं, जिल्ह्याचं गाव असून रेल्वे नाही! छोटी गाडी कमी जागेत वळू शकते म्हणून डोंगराच्या कडेकडेने चढली, कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) बघत बघत त्या लाईनवरून बोट फिरवलं की हे आपोआप कळतं. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज करताना लाईन धाराशिवकडून वळवली, ते बरोबरच झालं, त्या लोकांनी किती वर्षं वाट बघितली होती, पण घाटातली ती जुनी लाईन आता अशा नकाशांतच नीट सापडते.

आणि पश्चिमेला बघा, उजनी नाहीच! धरण १९८० चं, त्यामुळे इथे भीमा नुसती नदी आहे, बॅकवॉटरचा पत्ता नाही.

या स्केलला स्टेशनचं यार्ड वगैरे दिसत नाही, त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचं १ इंचाला १ मैलवालं शीट लागेल, कुर्डुवाडीचा नंबर ४७ एन/८, बार्शीचा ४७ एन/१२. कुणाच्या घरी, जुन्या रेल्वेवाल्या आजोबांच्या ट्रंकेत असेल तर प्लीज स्कॅन करा, घडीवर फाटलेलं असलं तरी चालेल.