श्वास पूर्ण मिनिटभर मोजा

आज वॉर्डात नर्सिंगच्या मुली शिकायला होत्या. पेडण्याकडच्या एका आजींना पावसात भिजल्यापासून खोकला. ताप थोडाच, ऑक्सिजन 96. मुलींना वाटलं, सगळं ठीक आहे. मी म्हटलं, श्वास मोजलात?

नाडी बघून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, नजर छातीकडे न्यायची आणि घड्याळावर पूर्ण मिनिट मोजायचं. श्वास मोजतोय हे पेशंटला सांगायचं नाही, कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो. आजींचा भरला 28. मोठ्या माणसाचा शांत बसलेला असताना 12 ते 20 असतो. 25 च्या वर गेला तर थांबायचंच नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचं. डॉक्टर आले, एक्स-रेत न्यूमोनिया निघाला.

ऑक्सिजन, रक्तदाब उतरायच्या आधी बहुतेकदा श्वास वाढतो. तरी चार्टवर सर्रास अंदाजाने 18 लिहिलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. मुलींनो, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. आणि पेशंट चालून आला असेल तर आधी त्याला जरा बसू द्या.