फ्लॉपपूर्वी किती वाढवायचे : माझा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडवरील एका मित्राच्या घरी आम्ही काही जण शनिवारी रात्री टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतो. प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात, बाकीची पाने सगळ्यांसाठी टेबलावर उघडतात, आणि त्यांतली पहिली तीन म्हणजे फ्लॉप. पैसे लावत नाही. शेवटी ज्याच्या पुढ्यात सर्वांत कमी चिप्स उरतील त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा, एवढीच बोली. पाने पाहण्याआधीच दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या चिप्स, म्हणजे ब्लाइंड : स्मॉल ब्लाइंड १०, बिग ब्लाइंड २०, आणि सुरुवातीला प्रत्येकी २,००० चिप्स असतात.

फ्लॉपपूर्वीच्या रेजसाठी, म्हणजे लावायचा आकडा वाढवण्यासाठी, मी प्रचलित आकड्यापासून सुरुवात केली : बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट, आणि आधी कोणी नुसता कॉल करून, म्हणजे न वाढवता तेवढ्याच चिप्स लावून, आत आला असेल तर अशा प्रत्येकामागे आणखी एक ब्लाइंड. ६० केल्यावर सगळ्यांनी पाने टाकली, म्हणजे डाव सोडला, तर ३० मिळतात, म्हणजे केवळ ब्लाइंड उचलण्यासाठी ही चाल तीनपैकी दोनदा साधली पाहिजे. उलट बाजूने पाहिले, तर बिग ब्लाइंडवाल्याला आणखी ४० घालून ९० च्या पॉटसाठी (मध्ये जमलेल्या चिप्ससाठी) खेळायला मिळते, त्यामुळे त्याला जिंकण्याची सुमारे ३१ टक्के शक्यता पुरते. हीच रेज १०० ची केली, तर त्याला ३८ टक्के लागते.

आमच्या टेबलावर मात्र ६० ला कोणीच पाने टाकत नाही. चिप्स फुकटच्या, शिवाय दिवाळीच्या तीनपत्तीत मुरलेल्या मंडळींच्या फ्लॉप न बघता बाजूला होणे जिवावर येते. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध साधारण ८५ टक्के वेळा जिंकते आणि चौघांविरुद्ध सुमारे ५६ टक्के. पाच जणांच्या पॉटमध्ये तेही फायद्याचेच आहे. खरी पंचाईत होते ती एक्का-राणी किंवा दश्श्यांच्या जोडीची, कारण एवढ्या गर्दीत फ्लॉपनंतर आपण पुढे आहोत की मागे, हे कळत नाही. म्हणून मी आकडा वाढवत गेलो. ८० ने फरक पडला नाही, १०० ला एक-दोघेच उरू लागले, आणि १४० ला ज्यांनी राहावे असे मला वाटत होते, तेच कच्च्या पानांचे गडी नेमके उठू लागले. त्यामुळे मी १०० वर थांबलो.

पानांनुसार आकडा बदलायचा नाही, हे मात्र समोर बसणाऱ्या काकांना पाहून ठरले. मोठी जोडी आली की ते चिप्सची चळत एका झटक्यात पुढे सरकवतात, एरवी एकेक चिप मोजून ठेवतात. साहजिकच त्यांच्या एक्क्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. मी आकडा बदलतो तो जागेनुसार : बटणावर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागी, असताना ८०, कारण फ्लॉपनंतर शेवटी बोलण्याचा फायदा माझा असतो, ब्लाइंडमध्ये असताना पुढे कॉल करणारे असतील तर १२० आणि माणशी २०, कारण तिथून फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत आधी बोलावे लागते.

चिप्स ४०० वर आल्या की हे सारे गणित मी बाजूला ठेवतो. १०० च्या रेजला ब्लाइंडबाहेरच्या एकाने जरी कॉल केला, तरी पॉट २३० चा होतो आणि पुढ्यात ३०० च उरतात, मग फ्लॉपनंतर पाने टाकायला फारशी मोकळीक राहत नाही. तेव्हा ४० ते ५० करायचे, नाहीतर सरळ सगळ्या चिप्स आत ढकलायच्या.