मुखा

17 एप्रिल 2025, गुरुवार. शारजा.

पहाटे हँडओव्हर देताना आतेचा आवाज मध्येच बसला. चार नंबरच्या पेशंटचं सलाईन किती वाजता लावलं हे सांगत होती, ते सांगून संपवलं, फाइल माझ्या हातात दिली आणि मग म्हणाली, "नोरा काल गेली."

आडनाव सांगायची गरज नव्हती. नोरा औनोर, फिलिपिन्सची मोठी नटी. 71 वर्षांची होती.

आते म्हणजे तिच्या भाषेत मोठी बहीण. वॉर्डातल्या सगळ्या फिलिपिनो मुली तिला तेच म्हणतात. माझ्या कोल्हापुरी कानाला पहिल्या दिवशी ते आतेभाऊ-आतेबहिणीतलं आते वाटलं आणि मी मनातल्या मनात तिला आत्याच करून टाकलं. अशीच एकदा ती पेशंटचा चेहरा पुसताना 'मुखा' म्हणाली तेव्हा मी चमकून बघितलं होतं. त्यांच्या तगालोग भाषेत चेहऱ्याला मुखा म्हणतात. आशेला आसा. संस्कृतातले शब्द कुठल्या कुठे जाऊन राहिलेत, आणि तिथल्या कुणाला ते परके वाटत नाहीत.

दुपारी माझी ड्यूटी संपल्यावर आम्ही तिच्या लॅपटॉपवर 'बोना' बघितला. नोराचा, 1980 चा, दिग्दर्शक लिनो ब्रोकाचा. माझी दुसरी वेळ, तिची कितवी कोण जाणे.

सुरुवातीला मनिलातल्या किआपोची मिरवणूक आहे. काळ्या नाझरेनची, म्हणजे काळ्या लाकडातल्या क्रूस वाहणाऱ्या येशूची. माणसावर माणूस, मूर्तीला हात लागावा म्हणून जिवाचा आटापिटा. गेल्या शनिवारी आईनं जोतिबाच्या चैत्र यात्रेचा व्हिडिओ पाठवला होता, सासनकाठ्या आणि गुलालाचा. त्यामुळे ती गर्दी मला कुणी समजावून सांगायला लागली नाही.

बोना, म्हणजे नोरा, ही चांगल्या घरातली शाळकरी पोर. सिनेमात बारीकसारीक कामं करणाऱ्या गार्दोवर तिचा जीव जडतो, आणि घर सोडून ती झोपडपट्टीत त्याच्या खोलीवर येऊन राहते. फिलिप साल्वादोरनं केलाय तो. ही काय करते? पाणी भरते. रांगेत उभी राहते, वाहून आणते, तापवते आणि त्याच्या अंगावर ओतते. तो दुसऱ्या बायका घरी आणतो, ही पाणी तापवते. ब्रोका हे इतक्या वेळा दाखवतो की मला त्या भांड्याचं वजन माझ्या मनगटात जाणवायला लागलं.

नोरा या सगळ्यात जवळजवळ काहीच 'करत' नाही. तो आंघोळ करत असताना त्याच्याकडे बघणारे तिचे डोळे तेवढे आहेत. पहिल्यांदा त्यात देवळात उभं राहिल्यासारखं काहीतरी असतं. मग ते हळूहळू विझत जातं, पण हात थांबत नाहीत. मी चौदा वर्षं नर्सिंग करतेय. दुःख झालेली माणसं काय करतात ते रोज समोर दिसतं. ती डबा धुतात, चादरीच्या घड्या घालतात, औषधाचं बिल नीट चौकोनी दुमडतात. सिनेमात दुःख म्हटलं की माणूस हातातलं सगळं टाकून रडतो, तेव्हा माझा विश्वास उडतो. नोरावर उडत नाही.

शेवटी ती रोजच्यासारखंच पाणी तापवते. आणि उकळतं पाणी त्याच्यावर ओतते. मिरजेला शिकत असताना मी जळिताच्या वॉर्डात होते, म्हणून तिथे मी दोन्ही वेळा डोळे मिटले. आतेनं नाही मिटले.

पुढचं तिनंच सांगितलं. नोरा फिलिपिन्सच्या बिकोल भागातल्या इरिगाची. आतेचं गाव तिथून फार लांब नाही. लहानपणी नोरा रेल्वे स्टेशनवर गाडीतल्या लोकांना पाणी विकायची. मग 1967 साली गाण्याची मोठी स्पर्धा जिंकली आणि तिथून सिनेमात आली. त्या काळात तिथली नायिका म्हणजे गोरी, स्पॅनिश रक्ताची छटा असलेली. ही सावळी, बुटकी, गावाकडची. "आमची मुखा," आते म्हणाली आणि स्वतःच्या गालावर दोन बोटं टेकवली. पुढे नोराचे चाहते तिच्यावर असा जीव टाकायचे की विचारू नका. आणि तिनंच, स्वतःच्या कंपनीतून, एका चाहतीच्या भक्तीचा असा सिनेमा काढला. आपल्यावर वेडं प्रेम करणाऱ्यांना तिनं किती जवळून बघितलं असेल!

नोराचा 'हिमाला' मी मागच्या वर्षीच बघितला होता. हिमाला म्हणजे चमत्कार. 1982 चा, दिग्दर्शक इश्माएल बेर्नालचा, रिकी लीनं लिहिलेला. कुपांग नावाच्या दुष्काळी गावात एल्साला, म्हणजे नोराला, येशूच्या आईचं, मेरीचं दर्शन होतं, आजारी लोक तिच्या दारात रांगा लावतात. शेवटी हजारोंच्या गर्दीसमोर ती म्हणते, "वलांग हिमाला." चमत्कार नाही. चमत्कार माणसांच्या मनात असतो, शाप आणि देव आपणच घडवतो. नंतर गोळी सुटते, चेंगराचेंगरी होते, आणि तरीही लोक 'हेल मेरी' ही मेरीची प्रार्थना म्हणत गुडघ्यांवर टेकडी चढू लागतात. त्या भाषणाची तिकडे खूप नक्कल होते म्हणे. पण माझ्या डोक्यात राहिलंय ते त्याआधीचं, एल्साचं नुसतं ऐकत बसणं. लोक तिच्यापुढे आपापली दुखणी मांडत असतात आणि ती प्रत्येकाकडे, खरंच प्रत्येकाकडे, बघते. इतकं बघत राहिलं तर माणूस शिल्लक राहत नाही, हे वॉर्डात शिकावं लागतं.

आतेला जॅकलिन होसे ही नटीही फार आवडायची. ती मागच्याच वर्षी गेली. दिग्दर्शक ब्रिलांते मेंडोझाच्या 'मा रोसा'साठी 2016 साली तिला फ्रान्समधल्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, फिलिपिन्सला पहिल्यांदाच. सिनेमाच्या शेवटी ती पोलिसांना द्यायच्या पैशांची जुळवाजुळव करून दमलेली असते, नवरा अजून कोठडीत असतो. रस्त्यावरच्या गाड्यावर उभी राहून काडीला टोचलेले फिशबॉल खाते. समोर एक कुटुंब दुकान आवरत असतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ती चावत राहते, कारण भूक लागलेली असते. हेच. चावणं थांबत नाही.

संध्याकाळी आतेला चर्चला जायचं होतं, पवित्र गुरुवारची प्रार्थना होती. तिचे कपडे होईपर्यंत मी लॅपटॉपवरची यादी बघत बसले. त्यात 'फ्लोर कोंतेम्प्लासियोन'ची गोष्टही होती. सिंगापूरला घरकामाला गेलेली फिलिपिनो बाई, 1995 च्या मार्चमध्ये तिला तिथे फाशी दिली. त्याच वर्षी सिनेमा आला, नोरानं ती भूमिका केली आणि कैरोच्या चित्रपट महोत्सवात अभिनेत्रीचं बक्षीस मिळवलं.

"उद्या हा बघायचा?" मी विचारलं.

आते केसांना पिना लावत होती. आरशातूनच म्हणाली, "तो नको. तो इथे नाही बघत मी. घरी गेले की बघते, आई शेजारी असताना."

मी लॅपटॉप मिटला. ती पिना लावत राहिली.